“एक गोळी घेतली की झालं, भो!”

आज जळगावात नव्या बसस्टँडजवळ एका टूर एजंटकडे हे वाक्य कानावर पडलं. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचं बुकिंग चाललं होतं, आणि तब्येतीच्या फॉर्मवर ‘ताप, जुलाब, उलटी’समोर काका सरळ ‘नाही’वर टिक करत होते. आवाज बसलेला, नाकाला रुमाल.

पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, संसर्ग नाही. जहाजावर तो पसरतो बुफेचे चमचे, लिफ्टची बटणं, जिन्याचे कठडे यांवरून. नोरोव्हायरस (उलटी-जुलाबाचा विषाणू) तर सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही; साबण-पाण्यानं 20 सेकंद हात घासावे लागतात.

आजार कळला की केबिनमध्येच राहायचं, जेवण दाराशी. स्वस्त म्हणून घेतलेल्या आतल्या केबिनला खिडकीही नसते! प्रवास विम्याच्या पॉलिसीत ‘केबिनमध्ये विलगीकरण’ बसतं का, हे पैसे भरण्याआधीच विचारा. नंतर विचारणारेच जास्त.

2020 मध्ये योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ क्रूझवर 3,711 पैकी 712 जण कोरोनाबाधित झाले होते. जानेवारी 2022 मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर 66 जण पॉझिटिव्ह निघाले. गोवा डेकवरूनच बघावा लागला.

काकांची टिक तशीच राहिली. तुम्ही असता तर टोकलं असतं का?