आमटीत दोन तांबे

लग्नाला चार महिने झाले आणि कासारवडवलीच्या आमच्या वन बीएचकेमध्ये आम्ही पहिल्यांदाच माणसं जेवायला बोलावली. मी सहा बोलावली. यानं किती, ते त्यालाही सांगता येईना.

मी नौपाड्यातली. आमच्या घरी पाहुण्याला आधी वेळ विचारतात, मग पोळ्या. हा कळव्याच्या चाळीत वाढलेला. तिथे दार उघडं आणि पातेलं मोठं. मसालेभाताला मी वाटीला दोन वाट्या पाणी मोजत होते, तर हा मागून म्हणाला, "अगं, बोटाचं एक पेर वर आलं की पुरे." मग तोंडली चिरता चिरता, "ऑफिसातले तिघं येतील बहुतेक."

बहुतेक! या माणसाचा अख्खा संसार या एका शब्दावर चालतो.

फ्रिजवर मी वेळापत्रक चिकटवलं होतं: साडेसातला सरबत, आठला पानं. माझे सहाही जण शिस्तीचे, आणि सहाही साडेसातला माजिवड्यात अडकलेले. शनिवार, घोडबंदर रोड, त्यात मेट्रोच्या कामाचे पत्रे. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ३४ किलोमीटर धावत आमच्या ठाण्याला आली, याचं आम्हाला कोण कौतुक! पुढच्या सात-आठ किलोमीटरचं मात्र कुणी विचारू नये.

याचे 'बहुतेक' वेळेआधी हजर. तिघं नव्हे, चौघं. एक तर वाघबीळहून चक्क चालत आलेला. यानं त्यांना गॅलरीत बसवून डब्यांच्या झाकणांत चिवडा दिला. (लग्नात लेमन सेट चार आले, ताटं सहाच.)

भात काही वाढवता येत नाही. आमटी वाढते. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं, दोन तांबे पाणी ओतलं. मीठ, गूळ, आमसूल, सगळं हाताच्या अंदाजानं. वाटी-चमच्याला शिवलेसुद्धा नाही.

नऊला एकदाची पंगत बसली. निम्मे दिवाणावर, निम्मे सतरंजीवर. वाघबीळकरांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. "वहिनी, आमटी कशी मोजूनमापून जमलीय!"

यानं आधी ओट्यावरच्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं. मी डाव तसाच हातात धरून उभी.

"लोणचं दे गं जरा," एवढंच म्हणाला.