वॉलेटमधली चिल्लर सोडवताना: माझा अनुभव

क्रिप्टोच्या जुन्या वॉलेटांमध्ये उरलेली किरकोळ शिल्लक बहुतेक जण 'जाऊ दे' म्हणून सोडून देतात. मी ती सोडवायची ठरवली. रक्कम मोठी नव्हती, पण कुठली चिल्लर खरंच अडकली आहे आणि कुठली नुसती पडून आहे, हे मला एकदा नीट पाहायचं होतं.

सुरुवात बिटकॉइनपासून केली. वॉलेट आपल्याला एकच आकडा दाखवतं, पण आत प्रत्येक वेळी आलेली रक्कम वेगळा तुकडा म्हणून पडलेली असते आणि खर्च करताना प्रत्येक तुकड्यामागे फी वाढते. १ ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावरचा तुकडा व्यवहारात साधारण १४८ बाइट जागा खातो, bc1q वाल्या पत्त्यावरचा साधारण ६८. समजा जुन्या पत्त्यावर ३,००० सातोशींचा (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग) तुकडा आहे. फीचा दर बाइटमागे ३० सातोशी असेल, तर तो हलवायलाच ४,४४० लागतात. दर १ वर आला की तेच काम १४८ मध्ये होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाल्विंगच्या (नव्या बिटकॉइनचं बक्षीस निम्मं होण्याच्या) दिवशी फी आकाशाला भिडली होती. त्या दिवशी असल्या तुकड्यांना काही अर्थ नव्हता. म्हणून मी घाई केली नाही. मेमपूल (मंजुरीची वाट बघणाऱ्या व्यवहारांची रांग) रोज बघत राहिले आणि एका निवांत शनिवार-रविवारी दर तळाला गेला, तेव्हा स्पॅरो नावाच्या वॉलेट ॲपमध्ये हवे तेवढे तुकडे निवडून एकाच व्यवहारात स्वतःच्या नव्या पत्त्यावर पाठवले. असं केल्यावर हे सगळे जुने पत्ते एकाच माणसाचे आहेत, हे कुणालाही ताडता येतं. ते मला चालणार होतं. ज्यांना चालत नसेल त्यांनी तुकडे एकत्र करू नयेत.

यादीत एक ५४६ सातोशींचा तुकडा होता, तो मी कधी मागवलाच नव्हता. जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर ५४६ पेक्षा कमी रक्कम पाठवली, तर बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर चालवणारे नोड (नेटवर्कमधले संगणक) ती पुढेच सरकवत नाहीत. त्यामुळे पाळत ठेवणारे लोक नेमका तेवढाच तुकडा टाकून ठेवतात आणि तो कधी, कशासोबत खर्च होतो हे बघत बसतात. तो मी फ्रीझ करून टाकला, म्हणजे चुकूनही खर्च होणार नाही.

इथरियमवर मात्र हात टेकले. टोकन (इथरियमवर चालणारी इतर नाणी) होते, पण ते हलवायला गॅस (व्यवहाराच्या कामाचं माप, त्यावरून फी ठरते) इथर या तिथल्या नाण्यातच भरावा लागतो. नुसतं इथर पाठवायला २१,००० गॅस, टोकनला त्याच्या दुप्पट-तिप्पट. टोकनच्या किमतीपेक्षा खर्च जास्त, म्हणून ते तिथेच ठेवले. आर्बिट्रम आणि बेस या इथरियमवर उभारलेल्या स्वस्त नेटवर्कवर असलेले तुकडे मात्र बदलून घेतले. मार्च २०२४ मध्ये इथरियममध्ये झालेल्या डेनकन अपग्रेडनंतर तिथली फी नगण्य झाली आहे.

खरी कमाई सोलाना या दुसऱ्या नेटवर्कवर झाली, आणि तीही रिकाम्या खात्यांतून! तिथे प्रत्येक टोकनसाठी वेगळं खातं उघडतं आणि त्यात ०.००२०३९२८ सोल (तिथलं नाणं) अनामत म्हणून अडकतं. टोकन विकून टाकला तरी खातं उघडंच राहतं. ते बंद केलं की अनामत परत मिळते. फुकट येऊन पडलेले फालतू टोकन आधी बर्न (कायमचे नष्ट) करावे लागतात. हे काम करून देणाऱ्या साइट्स पुष्कळ आहेत, काही कमिशन घेतात, काही सरळ लुटारू असतात. सही करण्याआधी मी प्रत्येक वेळी खिडकीतला तपशील वाचला: व्यवहार खातं बंद करण्याचाच आहे ना, आणि सोल माझ्याच पत्त्यावर येतंय ना. जिथे सीड फ्रेज (वॉलेटची किल्ली असलेले गुप्त शब्द) मागितली, ती साइट तिथल्या तिथे बंद केली.

एक्सचेंजवरची शिल्लक सगळ्यात सोपी. बायनान्ससारख्या ठिकाणी किरकोळ नाणी एकत्र बीएनबी या बायनान्सच्या नाण्यात बदलून मिळतात.

शेवटी एक्सआरपी. पूर्वी खात्यात १० एक्सआरपी राखीव ठेवावे लागायचे. डिसेंबर २०२४ मध्ये ही अट १ वर आली. म्हणजे जुन्या खात्यातले ९ आपोआप मोकळे झाले आहेत, कित्येकांना याचा पत्ताही नसेल. ते एक्सचेंजवर पाठवताना डेस्टिनेशन टॅग (पैसे कोणत्या ग्राहकाचे, हे सांगणारा आकडा) टाकायला विसरू नका, नाहीतर पैसे पोचूनही तुमच्या नावावर जमा होत नाहीत आणि सपोर्टच्या मागे लागावं लागतं.