तपासणीत पास झालेली फाइल

गेल्या वर्षी पणजीत आम्ही क्रिस्तपुराणातल्या काही ओव्यांवर काम करत होतो. फादर स्टीफन्सचा हा मराठी ग्रंथ 1616 साली रायतूरला रोमी लिपीत छापला गेला. आमच्यापुढे देवनागरी पाठ होता. चरणांच्या खुणा मी केल्या, वाक्यांच्या खुणा फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. ओवीत वाक्य कुठे संपते ते अर्थ लावूनच ठरवावे लागते. बाईंनी त्यात अख्खा पावसाळा घातला.

मला एक्सएमएल फाइल हवी होती, म्हणजे जिथे खूण सुरू होते आणि संपते तिथे मजकुरातच टॅग लिहिलेले असतात अशी, उघडून सरळ वाचता येणारी. एक्स्पोर्ट केली, तपासणीत एकही चूक निघाली नाही. बाईंना पाठवली.

तासाभरात फोन. "अरे, चरणाच्या मधे सुरू होणारं माझं वाक्य कुठे गेलं? आणि त्याच्या पुढचं?"

मूळ खुणांशी ताडून पाहिले आणि पोटात गोळा आला. एक्सएमएलमध्ये डब्यात डबा बसावा लागतो. आत उघडलेला टॅग आतच बंद व्हायला हवा. एका चरणाच्या मध्यावर सुरू होऊन पुढच्याच्या मध्यावर संपणारे वाक्य त्यात बसत नाही. खुणा अशा छेदल्या की आमचे सॉफ्टवेअर एक ठेवत होते आणि दुसरी गुपचूप टाकत होते. चरण सगळे शाबूत, पण बाईंची सर्वांत कष्टाची वाक्ये गायब. चरणात नीट मावणारी तेवढी उरली. त्या फाइलवरून कुणी अभ्यास केला असता, तर या ओवीत वाक्य कायम चरणाच्या टोकालाच थांबते असा निष्कर्ष निघाला असता. हे मला फार लागले. पाठ तोच, टॅग बिनचूक, आणि कवीची चाल साफ खोटी.

वाक्याचे दोन तुकडे करून ते एकमेकांना जोडण्याची सोय टीईआयच्या, म्हणजे ग्रंथांचे पाठ एक्सएमएलमध्ये नोंदवण्याच्या प्रचलित पद्धतीच्या, नियमांत आहे. पण मग वाक्ये मोजताना दर वेळी तुकडे सांधत बसायचे. शेवटी मजकूर वेगळा ठेवला आणि खुणा वेगळ्या फाइलीत, कितव्या वर्णापासून कितव्यापर्यंत एवढेच आकडे. तिथेही जपावे लागते: 'क्षि' डोळ्यांना एक अक्षर, युनिकोडच्या मोजणीत चार. मजकुरात एक अनुस्वार वाढला तरी पुढचे सगळे आकडे सरकतात, म्हणून पाठ आधी कायम केला.

रविवारी रंगीत प्रत घेऊन फोंड्याला गेलो. बाईंनी प्रत्येक वाक्यावरून बोट फिरवले, एका ठिकाणी थांबल्या. "हे पुढच्या चरणातल्या क्रियापदापर्यंत ने. तेव्हा माझं चुकलं होतं."

तिथेच बसून एक आकडा बदलला.