बांदा आचेमधलं कॉफीवालं हॉटेल आणि अम्मीचं होकायंत्र

खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या अम्मीने पर्समधून होकायंत्र काढलं. अब्बा बोटीवर होते तेव्हाचं, पितळेचं, लहान डबीएवढं. नव्या जागी गेलं की आधी ते तळहातावर धरून ती खोलीत उभी राहते. किबला, म्हणजे नमाजासाठी मक्केकडची दिशा, कुठे ते कळल्याशिवाय तिला ती खोली राहण्याची वाटतच नाही. आमच्या बॅगा वर घेऊन आलेली मुलगी हे बघत होती. ती हसली आणि तिने नुसतं बोट वर केलं. छताला हिरवा बाण चिकटवलेला होता, पश्चिमेकडे, थोडासा उत्तरेला कललेला. अम्मीने बाण होकायंत्राशी ताडून पाहिला, काटा जुळला, आणि मग पाच दिवस ते होकायंत्र पर्समधून बाहेर आलं नाही.

बांदा आचे हे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या वायव्य टोकावरचं शहर, आचे प्रांताची राजधानी. मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून दुसरं विमान, असे आम्ही पोचलो. भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावर मिळतो, माणशी पाच लाख रुपिया. आकडा ऐकून अम्मी दचकली होती. आपल्या पैशांत ते तीन हजारांच्या आत-बाहेर येतात.

हॉटेल उले करेंग या भागात, शहराच्या मध्यापासून पूर्वेला. तीन मजली, लिफ्ट नाही. तळमजल्यावर कॉफीचं दुकान आणि वर अकरा खोल्या. खरं तर हॉटेल असलेलं कॉफीचं दुकान म्हणायला हवं, कारण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक कॉफीच सांगतात. रात्रीचे साधारण अकराशे रुपये. त्यात दोन पलंग, एसी, उन्हात वाळवलेल्या चादरी, आणि न्हाणीघरात बादली, तिच्यात तरंगणारं दांड्याचं प्लास्टिकचं टमरेल. नळाला फवाऱ्याची नळीही होती. ज्यांना कागदावर भागवण्याची सवय नाही त्यांना या दोन गोष्टींची किंमत वेगळी सांगायला नको.

कपाटात दोन जानमाज, म्हणजे नमाजाच्या चटया, आणि एक पांढरी कापडी पिशवी होती. पिशवीत मुकेना. इंडोनेशियातल्या बायका नमाजाच्या वेळी अंगावरच्या कपड्यांवरून घालतात तो हा पोशाख: वरचा भाग डोक्यावरून थेट मनगटांपर्यंत येणारा, फक्त चेहरा मोकळा, आणि खाली सैल घागरा. सुती, हलका, कडेला बारीक भरतकाम. अम्मीने तो उलटा करून आतली शिवण पाहिली. चाळीस वर्षं तिने घरी शिवणकाम केलंय, त्यामुळे तिची पसंती आधी शिवणीला असते. "दुपट्टा सरकायची चिंताच नाही गो," ती म्हणाली. "आपल्याकडे हे कोणाला कसं सुचलं नाही?"

एवढ्याशा गोष्टींवर मी इतकं का लिहितेय, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी तिला एका दुसऱ्या देशात घेऊन गेले होते. हॉटेल याच्या चौपट महाग. तिथे नाश्त्याच्या टेबलावर एकच चिमटा सगळ्या भांड्यांतून फिरायचा, आणि कशात काय आहे, हलाल आहे का, हे विचारायला गेलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसायचा. अम्मी तीन दिवस केळी आणि ब्रेडवर राहिली. तक्रार नाही केली. "मला भूकच नाही" म्हणत राहिली. मला ते आजही लागून राहिलंय. म्हणून या वेळी जागा शोधताना मी बाकी सगळं बाजूला ठेवून एवढंच बघितलं, की तिला काही विचारावं लागू नये.

आणि कॉफी बघितली. ती माझ्या आवडीची.

आमच्या रत्नागिरीकडे चहाच. पण अब्बा सुट्टीवर यायचे तेव्हा कुठल्या ना कुठल्या बंदरातली कॉफीची पूड घेऊन यायचे, आणि अम्मी ती टोपात उकळून मलमलच्या फडक्यातून गाळायची. अब्बा गेल्यावर ते फडकं गेलं, कॉफीही गेली. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी खाली उतरलो आणि गल्ल्यामागचा माणूस हातभर लांब कापडी गाळणं घेऊन उभा दिसला, तेव्हा अम्मी खुर्चीवर न बसता सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

या पद्धतीला तिथे 'कोपी सारिंग' म्हणतात, म्हणजे गाळीव कॉफी. गाळणं पायमोज्यासारखं निमुळतं, वर तारेचं कडं आणि दांडा. त्यात पूड. खाली एक मोठा टमलर, शेजारी चुलीवर उकळतं पाणी. पाणी ओतलं की तो माणूस गाळणं एका हाताने डोक्याच्याही वर उचलतो, दुसऱ्या हातातला टमलर कंबरेखाली नेतो, आणि मधल्या हवेत कॉफीची काळी धार ताणली जाते. मग तीच कॉफी पुन्हा गाळण्यात, पुन्हा धार. असं सात-आठ वेळा. प्रत्येक खेपेला रंग दाट होतो, वास बदलतो, आणि शेवटी ग्लासात पडते तेव्हा वर बदामी फेस असतो. एक थेंब बाहेर नाही. अम्मीने गाळण्याच्या टोकाला हात लावून बघितला. पार काळं झालेलं, चामड्यासारखं कापड. ती खुणेने साबणाचं विचारू लागली. "साबुन?" तो घाबरून हात हलवत म्हणाला, नाही नाही, फक्त गरम पाणी. अम्मीने माझ्याकडे वळून मान डोलावली. तीही तिचं फडकं साबणाला कधी लावायची नाही.

तिला साखर आहे, म्हणून तिने "नो शुगर" सांगितलं. त्याने विचारलं, "तांपा गुला?" गुला म्हणजे साखर. अम्मी म्हणाली, "गूळ पण नको, काहीच नको." दोघांनाही नीट कळलं. तो शब्द आपल्या गुळाचाच भाऊ, संस्कृतातून तिकडे गेलेला. कुर्सी, साबुन, रोटी, दुनिया, वक्तला वाक्तु, नावाला नामा. पाच दिवसांत अम्मीने या एवढ्या भांडवलावर अख्खं दुकान ओळखीचं केलं.

रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन जाती. गाळीव कॉफीसाठी तिथे बहुतेक रोबस्टा वापरतात, कडक भाजलेली. आचेची नावाजलेली अरेबिका ती गायोच्या डोंगराळ भागातली, ताकेंगोनच्या तळ्याभोवती पिकणारी. बी अर्धवट ओलं असतानाच तिची टरफलं काढतात, त्यामुळे हिरव्या दाण्याला निळसर झाक येते आणि चवीला आंबटपणा कमी, जडपणा जास्त. मी दोन्ही प्यायले. माझं मत विचाराल तर सकाळी गायो, संध्याकाळी गाळीव. पण मला सगळ्यात आवडली ती सांगेर: गाळीव कॉफीत अगदी थोडं घट्ट गोड दूध घालून फेस येईपर्यंत वर-खाली केलेली. तिथे सांगतात की हे नाव 'सामा-सामा ङर्ती'वरून आलं, म्हणजे तू समज, मी समजतो. दूधवाल्या कॉफीचे पैसे नसलेली पोरं म्हणायची, थोडंसंच दूध घाल, आपण समजून घेऊ. खरं-खोटं असो, चव त्या नावाला शोभणारी आहे.

त्या बेटांवरच्या कॉफीची सुरुवात आपल्या बाजूने झाली, हे मला आधी माहीत नव्हतं. बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याची कथा आपण ऐकतो. पुढे डचांनी १६९६ मध्ये मलबारहून कॉफीची रोपं जावाला नेली. ती पुरात गेली, म्हणून १६९९ मध्ये पुन्हा नेली. तिथून ती त्या बेटांवर पसरली. मालकीणबाईंना हे मी मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं. त्यांनी ते मोठ्याने वाचून गल्ल्यावरच्या माणसाला ऐकवलं आणि आमच्या टेबलावर केळीच्या पानात गुंडाळलेले चार तिम्फान पाठवले. तांदळाच्या चिकट पिठात केळं कुस्करलेलं, आत नारळ-अंड्याचं गोड सारण, वाफवलेलं. पान सोलताना येणारा वास थेट आमच्या पातोळ्यांचा.

दुकान पहाटे उघडतं. रस्त्याकडच्या खोल्यांना चारपासून शटरचा आणि भांड्यांचा आवाज येतो, झोप सावध असेल तर मागची खोली मागून घ्या. आम्हाला पुढचीच होती आणि अम्मीला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालकीणबाई स्वतः स्कूटर काढून उभ्या होत्या, अम्मीला बैतुर्रहमान मशिदीत न्यायला. मी दुसऱ्या मुलीच्या मागे बसले. ही आचेची मोठी मशीद, पांढऱ्या भिंती आणि काळे घुमट. १८७३ मध्ये डचांशी झालेल्या लढाईत जुनी मशीद जळाली, आणि डचांनीच लोकांचा राग शांत करायला ती पुन्हा बांधून दिली, १८८१ मध्ये पुरी झाली. तेव्हा घुमट एक होता, आज सात आहेत. अंगणात मदीनेसारख्या उघडमीट होणाऱ्या मोठाल्या छत्र्या.

आमच्या गावात बायका मशिदीत जात नाहीत. अम्मी सदुसष्ट वर्षांची आहे, आणि मक्का-मदीना सोडून तिने आयुष्यात जमातीने, म्हणजे सगळ्यांबरोबर रांगेत, नमाज पढलेली नव्हती. इथे बायकांची वेगळी बाजू आहे, वजूची, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याची, सोय आहे, आणि पहाटे साडेपाचला तीन-चार रांगा भरलेल्या होत्या. कॉलेजच्या मुली, भाजीवाल्या, पेंगुळलेली लहान पोरं. तिला कोणी "तुम्ही कुठे?" असं विचारलं नाही. शेजारच्या बाईने फक्त खांद्याला खांदा लावायला थोडं सरकून घेतलं.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. देशात बहुतेक मुसलमान हनफी; धर्माचे नियम सांगणाऱ्या या दोन वेगळ्या परंपरा. म्हणून पुण्यात आले तेव्हापासून बारीकसारीक फरक समजावून सांगायची मला सवय झालीय. आचेचे लोकही शाफई. समुद्रावरून अरबी व्यापारी जसे आमच्या बंदरांत आले तसेच तिकडेही गेले; इब्न बतूता १३४५ च्या सुमारास या किनाऱ्यावर उतरला तेव्हा इथला सुलतान शाफई असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. ही माहिती मी वाचलेली होती. पण फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, दुसऱ्या फेरीत, कमरेत वाकून झाल्यावर, इमाम कपाळ टेकायला न जाता उभे राहिले, त्यांनी हात उचलले आणि कुनूतची दुआ सुरू केली. शाफईंची ही रीत. मक्केत पहाटे असं होत नाही. अम्मी पन्नास वर्षं ही दुआ घरात, पहाटेच्या अंधारात, एकटी म्हणत आलीय. त्या दिवशी तिच्या आजूबाजूला सगळ्यांचे हात एकदम वर गेले आणि शेकडो गळे एकाच सुरात 'आमीन' म्हणाले. मी तिच्या शेजारीच होते. तिचे हात थरथरत होते.

परत आल्यावर ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. समोर कॉफी आली, नासी गुरिह आला, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, वर अंडं आणि लाल तिखट. ती व्यवस्थित जेवली. भात दोनदा घेतला.

दुपारी आम्ही त्सुनामीच्या जागा पाहिल्या. २६ डिसेंबर २००४ ला आचे प्रांतात दीड लाखाहून जास्त माणसं गेली. किनाऱ्यावरून दोन-तीन किलोमीटर आत, घरांच्या मधोमध, २,६०० टनांचं वीज बनवणारं जहाज बसलेलं आहे, पाण्याने आणून टाकलेलं; ते तिथेच ठेवलंय. अब्बांच्या बोटींची आठवण काढत अम्मी त्याच्या बाजूने चालत राहिली आणि मग म्हणाली, वर जायचं नाही मला. आम्ही गेलो नाही. संध्याकाळी मालकीणबाईंनी सांगितलं की त्यांची धाकटी बहीण उले ल्हे बंदराजवळ राहायची. पाणी उले करेंगपर्यंत आलं नाही, म्हणून नातेवाईक शोधणारी माणसं इथे येऊन बसायची, आणि त्यांच्या वडिलांनी चूल कित्येक दिवस विझू दिली नाही. पैसे घेतले नाहीत. बहीण सापडली नाही. अम्मीने त्यांचा हात हातात घेतला. दोघी "सब्र" एवढा एकच शब्द बोलल्या, दोन्ही भाषांत तो तोच आहे.

जाणाऱ्यांसाठी हेही सांगायला हवं, की आचेत शरियत कायदा आहे. लग्न न झालेल्या जोडीला एक खोली मिळत नाही, शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, मुसलमान बायकांनी डोकं झाकावं लागतं, दारू मिळत नाही. लोकांसमोर फटके मारण्याची शिक्षा अजून दिली जाते. ती मला पटत नाही, आणि अम्मीलाही नाही. "रहमान म्हणायचं आणि हे करायचं?" तिने सरळ विचारलं. रहमान म्हणजे दयाळू. त्या शहराने आम्हाला जे दिलं ते मात्र यामुळे कमी होत नाही.

निघायच्या सकाळी मी बिल भरत होते. अम्मी खाली गल्ल्याजवळ एकटीच गेली होती. रोज पूर्ण ग्लास प्यायल्याने तिला रात्री झोप येत नव्हती, आणि आदल्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांकडून तिने एक नवा शब्द उचलला होता. जिन्यावरून मला तिचा आवाज ऐकू आला, आमच्या गावातल्या दुकानात मागावं तसा, ठणठणीत:

"बांग, कोपी पांचुंग. तांपा गुला."

दादा, अर्धा ग्लास, बिनसाखरेची. त्याने गाळणं उचललं.