पासबुक घरी राहिलं म्हणून

सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात मी पोस्टाच्या आर.डी.चे, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायच्या ठेवीचे, हप्ते गोळा करते. सोळा वर्षं झाली.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक वहिनी डेंग्यूतून नुकत्याच उठल्या होत्या. दवाखान्याचं बिल दिरानं भरलेलं. मला बघताच म्हणाल्या, "ताई, आर.डी. मोडायची. सगळीच."

दोन हजारांची आर.डी., पन्नास हप्ते झालेले, दहाच उरलेले. मी समजावलं: तीन वर्षं झाल्यावर मोडता येते, पण मग 5.8 नाही, बचत खात्याचं 4 टक्केच व्याज मिळतं. चार हजारांवर पाणी. त्यापेक्षा जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आर.डी.च्या व्याजापेक्षा 2 टक्के जादा दरानं.

"दहा महिने कोणी बघितलेत?"

मार्केट यार्डात वांग्याच्या भावावरून घासाघीस करणारी ही बाई, पण एक आकडा विचारला नाही. भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. जास्त रेटायला मलाही संकोच वाटला, कारण हप्त्यावर मला चार टक्के कमिशन असतं. आठशे रुपयांसाठी अडवतेय असं वाटलं तर?

तेवढ्यात माझं लक्ष गेलं, त्यांच्या पिशवीत पासबुकच नव्हतं. ते घरी, कपाटात. म्हणजे आज तरी आर.डी. मोडणार नव्हती. मनातून हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आजारानं माणूस उतावळाच होतो असंही नाही. सदाशिव पेठेतले एक निवृत्त गुरुजी बायपासनंतर शेअर विकून आले आणि सगळी रक्कम ज्येष्ठ नागरिक योजनेत पाच वर्षांसाठी टाकली. "आता धडधड नको," म्हणाले. एकाला उद्या दिसेनासा झाला, दुसऱ्याला फक्त उद्याच दिसायला लागला. दोघांचं दुखणं वेगळं, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं.

बारा दिवसांनी वहिनींचा फोन. गेले तर तवा तापलेला, पासबुक फळीवर काढून ठेवलेलं.

"कर्ज पस्तीस हजार काढलं तर महिन्याला व्याज किती पडेल?"

मी आकडा सांगितला. त्यांनी पिठाच्या हातानं कॅलेंडरच्या मागं लिहिला आणि म्हणाल्या, "जास्त सांगताय तुम्ही."

पुन्हा हिशेब केला. सव्वादोनशेच होते, मीच गडबडीत अडीचशे म्हटलं होतं.