सात डॉलरची घरपट्टी कोण वसूल करत बसणार?

कॅलिफोर्नियात घर घेतलं किंवा घराला काही नवीन बांधकाम जोडलं की नेहमीच्या घरपट्टीशिवाय आणखी एक बिल येतं, सप्लिमेंटल. हे बहुतेक वेळा लोनवाल्या बँकेकडे जातच नाही, सरळ मालकाच्या नावाने येतं, त्यामुळे एस्क्रोमधून (बँक टॅक्ससाठी दर हप्त्याबरोबर पैसे घेऊन ठेवते त्या खात्यातून) सगळं भरलं जातंय म्हणून निवांत असलेला माणूस दचकतोच. पण कधीकधी बिल इतकं बारीक निघतं की काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन, स्वतःच ते रद्द करते, हे फार लोकांना माहीतच नसतं.

१९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने, घरपट्टीचा मूळ दर १ टक्का केला आणि असेस्ड व्हॅल्यू (टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत) वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढेल असं बांधून टाकलं, घर विकलं किंवा नवीन बांधलं की मात्र तेवढ्या भागाची किंमत नव्याने लावायची. मग १९८३ मध्ये सप्लिमेंटलचा कायदा आला, म्हणजे वाढीव किमतीवरचा टॅक्स पुढच्या वर्षाची वाट न बघता लगेच.

आता हिशोब बघा. समजा मागच्या अंगणात छोटं छप्पर टाकलं, एप्रिलमध्ये काम संपलं आणि असेसरने, म्हणजे किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याने, घराची असेस्ड व्हॅल्यू ४,००० डॉलरने वाढवली. वर्षाचा टॅक्स ४० डॉलर, पण आकारणी १ मेपासून आणि टॅक्सचं वर्ष संपतं ३० जूनला, म्हणजे दोनच महिने, जेमतेम ७ डॉलर! त्यासाठी असेसरने नोटीस काढायची, ऑडिटरने आकडा लावायचा, टॅक्स कलेक्टरने बिल पाठवायचं, नाही भरलं तर मागे लागायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून वसुलीचा खर्च टॅक्सपेक्षा जास्त असेल तर असं बिल रद्द करायची सोय कायद्यातच आहे, आणि काउंटीचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स (निवडून आलेलं कारभारी मंडळ) तसा ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक नियम, काढू शकतं. मला तर हे सरकारी कारभारातलं दुर्मिळ शहाणपण वाटतं, उगाच दयाबिया काही नाही, सरळ हिशोब.

आणि जानेवारी ते मे मधलं काम असेल तर बिलं दोन निघतात बरं का, दुसरं पुढच्या पूर्ण वर्षाचं. ते ४० डॉलरचं माफ होईलच असं नाही, मर्यादा काउंटीप्रमाणे बदलते.

बिल रद्द झालं तरी वाढलेले ४,००० कुठे जात नाहीत, ते नेहमीच्या वार्षिक बिलात येऊन बसतात. आणि बिल आलंच नाही म्हणजे रद्द झालं असं धरून चालू नका, पोस्टात हरवलं असेल तरी उशिराची १० टक्के पेनल्टी लागते, टॅक्स कलेक्टरच्या साइटवर पार्सल नंबर (तुमच्या जागेचा काउंटीने दिलेला क्रमांक) टाकून बघा.