घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

वडिलांच्या पश्चात घर विकायला काढलं, तेव्हा गिऱ्हाईकाच्या बँकेच्या व्हॅल्युअरने मंजूर नकाशा मागितला. गच्चीवरची खोली आणि तिच्या बाजूचा सज्जा त्यात नव्हताच. दोन्ही मूल्यांकनातून वगळले गेले, कर्ज कमी बसलं, व्यवहार अडला.

‘पण त्या खोलीची घरपट्टी तर भरतोय ना?’ हा घरातला पहिला प्रश्न. जुनी बिलं काढली, तर कराच्या खाली शास्तीची, म्हणजे दंडाची, वेगळी ओळ! महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६७-अ बेकायदा बांधकामावर दरवर्षी शास्ती लावतं. मूळ तरतूद मालमत्ता कराच्या दुपटीची. लहान घरांना नंतर सवलती मिळाल्या. आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे.

एका ओळखीच्या एजंटाने ‘खोली दाखवूच नका, रोखीत मिटवा’ असं सुचवलं. मला ते पटलं नाही. नोटीस उद्या नव्या मालकाच्या दारावर लागली असती.

बांधकाम नियमित करून घेण्यासाठी आर्किटेक्टने एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज तयार केला. मोजमापात खोली शिल्लक एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर अजून बांधता येणाऱ्या क्षेत्रात, बसली. सज्जा मात्र बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, आलेला. ते अंतर म्हणजे नुसता कागदी हट्ट नव्हे. आग लागली तर शिडी घेऊन माणसं तिथूनच आत येतात. सज्जा पाडला. स्ट्रक्चरल इंजिनिअरने गिलावा काढून कॉलमवर रिबाउंड हॅमरने (ठोका देऊन काँक्रीटचा कठीणपणा मोजणारं उपकरण) जागोजागी काँक्रीट तपासलं. मला खरी धास्ती त्याचीच होती, कारण खालचा सांगाडा वरच्या खोलीचं वजन धरून बांधलेला नव्हता. सुदैवाने तो पुरेसा निघाला. मग विकास शुल्क, प्रशमन शुल्क (विनापरवानगी बांधकाम नियमित करण्यासाठीची रक्कम), सुधारित नकाशा आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र.

एवढ्यावर शास्ती आपोआप थांबली नाही. नगररचनेचा कागद करसंकलनाकडे मीच नेला, वेगळा अर्ज दिला. मागची थकबाकी भरावीच लागली.

विक्रीच्या आधी सीए बाईंनी बांधकामाची बिलं मागितली. खोली २००१ नंतरची असल्याने वडिलांनी केलेला खर्च भांडवली नफ्यातून वजा करता येत होता, पण पुरावा हवा. वडिलांच्या फाइलमध्ये सिमेंट-सळईच्या पावत्या टाचून ठेवलेल्या होत्या. गवंड्याची मजुरी रोखीत गेलेली, तिचा कागद नव्हता. ती रक्कम आम्ही धरली नाही.